तोरणाखालची गाडी

गजूची गाडी कशी हाये, हे मले आजकाल सगळेच विचारतेत. आमच्या हट्टा गावच्या बस स्टँडवर विचारतेत, लग्नाच्या पंगतीत विचारतेत, परवा तं दवाखान्यात सुई टोचता टोचता नर्सबाईनं विचारलं. “सत्यभामाताई, तुमच्या भावाची ते लहानीशी महागवाली गाडी. तुम्ही बसल्या ना तिच्यात?” बसली ना बाप्पा. बसली म्हणूनच तं मले मालूम हाये.

गजू म्हणजे गजेंद्र, माह्या पाठचा भाऊ. मलाजखंडच्या तांब्याच्या खदानीत त्याचे डंपर चालतेत, बालाघाटात बंगला हाये. मोठा भाऊ प्रेमलाल, त्याले आम्ही दादा म्हणतो. दादा गावातच राहून धान पिकवते. मी या दोघाच्या मधातली. बाप गेल्यावर या दोघाईनं मले माहेर कमी पडू देलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी गजूले शिव्या देईन, तवा तुम्हाले वाटन का या बाईचा भावावर जीव नाही. जीव हाये. तिथंच तं मरण हाये.

आमच्याकडे पोळा झाला का तीजा येते, म्हणजे हरतालिका, आन तीजासाठी भाऊ बहिणीले माहेरी घेऊन जाते. दरसाल दादा यायचा, फटफटीवर. औंदा गजूनं फोन केला, “ताई, पोळ्याच्या दिवशी मी येतो तुले न्याले. नव्या गाडीत.”

आला. गाडी पाहून माह्या सासूनं तोंडावर हात ठेवला. लहान हाये, पण अशी चमकते का तिच्यात तोंड पाहून कुंकू लावावं. मी दार उघडाले गेली तं गजू वरडला, “अवं नखं! नखं लागतीन!” मग चपला काढाले लावल्या. करंज्याचा डबा सीटवर ठेवाचा नाही, तेल लागते. पेपर पसरून मांडीवर घेऊन बसली मी, सगळा रस्ता. सीटच्या खालून थंडगार हवा येऊन राह्यलती. मी म्हटलं, “अबे बंद कर ना हे, माही कंबर धरून राह्यली!” तो हासत होता लेकराले हासावं तसा. तवा खरंच मले चांगलं वाटलं.

गावाच्या रस्त्यावर एका वळणावर बकऱ्या आल्या समोर. गजूनं दोन्ही पाय वर उचलले, सीटवर मांडी घालावी तसे. मी किंचाळली. गाडीनं कर्कश आवाज केला, समोरच्या पडद्यावर लाल दिवा लागला, पट्टा माह्या छातीत रुतला आन गाडी आपोआप थांबली. बकऱ्या पाय आपटत निघून गेल्या.

“पाह्यलं?” गजू म्हणे. “मी ब्रेकले पाय नाही लावला. समोर जीव दिसला का हे थांबतेच. मी रेस देली तरी हे आयकत नाही.”

“तुह्यापेक्षा शहाणी हाये म्हणजे,” मी म्हटलं. दोघंही हासलो.

हासू तिथंच संपलं. पुढच्या चौकात एक आटोवाला बाजूनं निघताना त्याच्या आटोचा दांडा गाडीच्या दाराले घासला. नुसता घासला. गजू उतरला आन त्यानं त्या माणसाले कॉलर धरून बाहेर ओढलं. मी त्याले ओळखत होती, दुलीचंद, हट्ट्याच्या बाजारात भाजी आणतो तो. “भैया, गलती हो गई, भैया,” म्हणत हात जोडून राह्यलता. गजूनं पहिली थापड मारली तवा त्याची टोपी उडाली. दुसरीनं ओठ फाटला. मग गजूनं त्याचं डोकं धरून त्याच्याच आटोच्या दांड्यावर आपटलं, एकदा, आन परत.

“सोड त्याले! लाज नाही वाटत का बे, बापाच्या वयाचा हाये तो!” मी मधात पडली. माह्या पदराले रक्त लागलं. गजू गाडीत येऊन बसला आन पह्यले काय केलं असन? माह्या पदराकडे पाह्यलं आन म्हणे, “ताई, सीटले लावू नको.”

तवाच उतरून जाले पाह्यजे होतं मी. पण बहीण हाये ना, वाटलं दादा समजावीन याले.

रस्त्यात मंग त्यानं सांगितलं का त्याच्या मनात काय हाये. आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखाली पहिली जोडी आमच्या घरची उभी राह्यते. आज्यापासूनचा मान हाये. पण दादाच्या जोडीतला एक बैल हिवाळ्यात मेला. शेऱ्या एकटाच राह्यला, आन एकट्या बैलाले कोणी तोरणाखाली उभं करत नाही. दादानं शेजारच्या महागूचा बैल मागून जोडी लावाचं ठरवलं होतं.

“उसना बैल!” गजू म्हणे. “घरी हे असताना दादा लोकाच्या गोठ्यात हात पसरते. आज पहिल्या नंबरवर आपली गाडी उभी राहीन.”

“गाडी का बैल हाये, गजू? तिले पुरणपोळी चारशीन का तू?”

“बैलानं काय देलं आपल्याले, ताई? जे देलं ते डंपरनं देलं.”

मैदानावर गेलो तं गाव जमलं होतं. बैलाच्या अंगावर झुली, शिंगाले रंग, कपाळाले बाशिंग, गळ्यात घुंगरं. आंब्याच्या पानाचं तोरण या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधलेलं. आदल्या सांजेले घराघरात बैलाच्या खांद्याले लोणी-हळद लावून शेकलं होतं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून पाया पडले होते. आवतणाचा पाहुणा असते त्या दिवशी बैल. त्याच्यावर साधी काठी उगारत नाही कोणी, दारुडा बी नाही उगारत.

गजूनं हॉर्न वाजवत वाजवत लोकाले हटवलं आन गाडीचं नाक नेऊन तोरणाखाली लावलं. ढोल बंद पडला. कोणी हासलं, कोणी मोबाईल काढला.

दादा आला. पांढरा सदरा, डोक्याले फेटा, एका हातात शेऱ्याची दोरी आन दुसऱ्यात महागूच्या बैलाची. काचेजवळ वाकला. गजूनं काच बोटभर खाली घेतली.

“गजू, काढ गाडी. मागं लाव, मी स्वतः पूजा करतो तिची.”

“मान घरचा हाये ना? मंग घरचीच उभी राहीन. उसनी नाही.”

“लोकं पाहून राह्यले, बाबू.”

“पाहू दे,” म्हणे आन काच वर.

दादानं दोऱ्या ओढल्या. दोन्ही बैल चालवत गाडीच्या समोर आणून उभे केले, तोरणाच्या बरोबर खाली. गाडी आतून टूं टूं वाजाले लागली. पडद्यावर शेऱ्या दिसून राह्यला होता, वरून काढलेल्या फोटोत असते तसा. मी म्हटलं, “गजू, हात जोडते, मागं घे.” त्यानं हॉर्नवर हात ठेवला आन उचललाच नाही.

शेऱ्या बिचकला. म्हातारा बैल, त्याले काय कळते? मान फिरवली, आन शिंग गाडीच्या दिव्यात घुसलं. काच फुटली. शिंग ओढताना समोरचा पत्रा फाटला, त्याचा आवाज मले अजून आयकू येते.

गजू मागून लोखंडी पाना घेऊन उतरला. मी दार उघडलं, पाय खाली ठेवते न ठेवते तोच त्यानं शेऱ्याच्या कपाळावर पहिला घाव घातला होता. बाशिंग तुटून डोळ्यावर आलं. दुसरा घाव त्या डोळ्यावरच बसला. बैल गुडघ्यावर बसला, माणूस बसते तसा, आन त्याच्या नाकातून रक्त आलं. पोळ्याच्या दिवशी! आवतण देलेल्या पाहुण्याले! सगळं गाव ‘हाऽऽ’ म्हणून वरडलं.

दादा मधात पडला. पाना धरला. गजूनं हिसकून दादाच्या हातावर मारला. वाळली काडी मोडावी तसा कटकन आवाज आला. दादाचा हात कोपराखाली भलतीकडेच वळला. फेटा पडला. मी “दादा रेऽऽ” म्हणून किंचाळली, आन मंग लोकं तुटून पडले.

महागूनं पहिली काठी घातली, गजूच्या पाठीत. मंग कोणाची कोण काही कळलं नाही. कान फुटला त्याचा, तोंडातून रक्त आलं. “मारो साले को! गाडीसकट पेटवा!” गजूनं मले गाडीत ढकललं, स्वतः रांगत घुसला आन कुलूप लावलं. दगड आले. बाजूची काच फुटली, काचेचे दाणे माह्या केसात, तोंडात. एक काठी आत घुसून माह्या खांद्याले लागली. बैलं सुटले, तोरण तुटून टपावर पडलं. पोळा आपल्यानंच फुटला, कोणी न फोडता.

आन तवा मले समोर दादा दिसला.

गाडीच्या बोनेटकडे पाठ करून उभा होता. मोडका हात पोटाशी धरलेला, दुसरा हात लोकाकडे पसरलेला. “नका मारू! माह्या भावाले नका मारू! काय करायचं ते मले करा!” वरडून वरडून आवाज फाटला होता त्याचा. बैलाचं रक्त, स्वतःचं रक्त, सगळा सदरा लाल. लोकं थबकले. दादाच्या अंगावरून जाऊन गजूले कोण मारीन?

गजूनं गाडी चालू केली.

“गजू, समोर दादा हाये.”

“हटते का नाही तो?”

“गजू! दादा हाये समोर! तुह्यासाठीच उभा हाये!”

“मरू दे,” म्हणे.

मी त्याच्या पायाकडे पाह्यलं. रेसवर होता पाय. पुरा दाबलेला, टाच वर आलेली. ब्रेक बाजूले मोकळा होता. इंजिन गुरगुरलं, गाडी उसळली, आन तोच कर्कश आवाज, तोच लाल दिवा, तोच पट्टा माह्या छातीत. थांबली. दादाच्या पोटऱ्याले टेकून थांबली. गजू पाय दाबतच होता. गाडी आयकत नव्हती.

मी त्याच्या तोंडावर मारलं. करंज्याचा डबा पडला होता ना पायाशी, पितळी, तोच उचलून मारला, त्याचं नाक फुटेपर्यंत. मंग त्याचा पाय निघाला.

दादाले गोंदियाले नेलं, हातात सळई टाकली. ठाण्यातले आले तवा दादानं सांगितलं, “बैल बिचकला साहेब, त्याच्या धक्क्यानं पडलो.” शेऱ्याचा एक डोळा गेला. गाव गप्प राह्यलं, कारण दादा सगळ्याले एकच गोष्ट सांगत होता, खाटेवर पडल्या पडल्या. “लोकं मागं लागले होते, जीवावर बेतलं होतं त्याच्या, तरी बी मी दिसल्यावर गड्यानं ब्रेक मारला. माह्या पायाले टेकून थांबवली गाडी. शेवटी भाऊ तो भाऊच.” सांगताना त्याचे डोळे भरायचे. वैनीचे बी भरायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद काढतेत. तिचा पुतळा ओढत गावाबाहेर नेतेत, आन सगळी रोगराई तिच्यासंग पाठवतेत. मी दारात उभी होती. पोरं वरडत होते, “खोकला घेऊन जाय गे नारबोद! ताप घेऊन जाय!” मी बी वरडली, गळा फाटेपर्यंत, “माह्या भावाचा राग घेऊन जाय गे नारबोद!” वैनी म्हणे, कोणाचा वं ताई? दोघाचाही, मी म्हटलं. खोटं बोलली. दादाले राग होताच कुठं?

तीजा झाल्यावर मले पोचवाले गजू आला. नव्या काचा, नवा दिवा, नाकावर पट्टी. दादा एका हातानं नारळ घेऊन बाहेर आला. म्हणे, “त्या दिवशी पूजा राह्यली.” गाडीच्या चाकाशी नारळ फोडला, पाणी शिंपडलं, आन गजूचं डोकं आपल्या छातीशी धरलं. “ह्यानं टायमावर ब्रेक मारला नसता तं मी आज फोटोत असतो,” म्हणे. गजू तसाच उभा. माह्याकडे त्यानं पाह्यलं नाही.

गावाबाहेर निघालो. नाक्यावर मी म्हटलं, थांबव. त्यानं थांबवली.

“दादाले मी सांगणार नाही,” मी म्हटलं. “जीव वाचला त्याचा, त्याले भाऊ बी राहू दे. पण तुले सांगते. ब्रेक तू नाही मारला.”

मले वाटलं चिडीन, वरडीन, मले खोटारडी म्हणीन. त्यानं स्टेअरिंगवर डोकं ठेवलं.

“मले मालूम हाये, ताई,” म्हणे. “दादा रोज फोन करते आन रोज तेच म्हणते. तू तरी एकदा जोरात शिवी दे ना.”

मी नाही देली. चपला हातात घेतल्या, डबा घेतला, एका बाजूनं चेपलेला, आन उतरून बसची वाट पाहत उभी राह्यली. तो कितीतरी वेळ तिथंच होता. मंग गेला.

म्हणून कोणी विचारलं तं मी सांगते, गाडी लय चांगली हाये बाई. समोर माणूस दिसला का थांबते.