रिव्काची मुलगी

"आईचं नाव?" फायविशने पेन उचलून विचारलं.

"माझ्या आईचं कशाला? आजारी माझी मुलगी आहे," नईम शाशा म्हणाला.

"तिच्याच आईचं विचारतोय. रेबेंकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर आजाऱ्याचं नाव आणि त्याच्या आईचं नाव लिहायचं असतं. बापाचं चालत नाही."

"का? बाप काय भाड्याने आणलेला असतो?"

फायविश दाढीतल्या दाढीत हसला. "आई कोण ते नक्की असतं, रेब नईम. बापाचं आपण विश्वासावर मानतो."

हा फायविश म्हणजे रेबेंचा, तिथल्या ज्यू धर्मगुरूंचा, कारभारी. वय पस्तिशीचं, काळा लांब कोट, जिभेला हाड नाही. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या वीसपंचवीस माणसांना आळीपाळीने आत सोडायचं काम त्याच्याकडे होतं. नईमला तो पाहताक्षणीच आवडला नव्हता, आणि नावाला 'राव' जोडावं तसं त्याचं ते 'रेब'ही. खरं तर ब्ने ब्राक नावाच्या या कर्मठ ज्यू वस्तीतलं त्याला काहीच आवडलं नव्हतं. ती अंधारी गल्ली नाही, बटाट्याचं कुगेल भाजल्याचा जिन्यात भरलेला वास नाही, आणि उघड्या डोक्याने आत जायचं नाही म्हणून दारातल्या खोक्यातून उचलून डोक्यावर ठेवलेली ती पुठ्ठ्याची टोपी तर नाहीच नाही. मान हलवली की ती घसरायची.

नईम लिफ्ट मेकॅनिक होता. चाळीस वर्षं त्याने तेच केलं होतं. लोक बटण दाबतात, वर जातात, आणि त्यांना वाटतं आपल्याला बटणाने वर नेलं. मोटर कुठे बसवलीय ते नईमला ठाऊक असायचं. त्यामुळे आल्याआल्याच त्याने या जागेची पाहणी करून ठेवली होती. रेबेंच्या खोलीला दोन दारं होती. एकातून माणसं आत जात, दुसऱ्यातून फायविश अधूनमधून गुपचूप आतबाहेर करी. म्हणजे बाहेर गप्पा मारून माहिती काढायची, मागच्या दाराने आत पोचवायची, आणि मग म्हाताऱ्याने डोळे मिटून सगळं 'ओळखायचं'. पाणी कुठे मुरतंय ते शोधायला नईमला दहा मिनिटंही लागली नाहीत.

तो आपण होऊन इथे मेला तरी आला नसता. पण ओर्लीने त्याच्याकडे शब्द मागितला होता. ओर्ली त्याची एकुलती एक मुलगी, चौतीस वर्षांची. डोक्यात गाठ. गुरुवारी ऑपरेशन होतं आणि आज मंगळवार. वाचा जाऊ शकते, त्याहून वाईटही होऊ शकतं, असं डॉक्टरांनी कागदावर सही घेऊन सांगितलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला या रेबेंचं नाव सांगितलं. जन्मात कधी प्रार्थनेला न गेलेली पोर बापाला म्हणाली, "अब्बा, जाऊन ये ना. तुला वेडेपणा वाटेल, तरी जा." आता असल्या वेळी पोरीला नाही कोण म्हणेल?

"आईचं नाव, रेब नईम," फायविशने पुन्हा विचारलं. "मागे लोक खोळंबलेत."

नईमच्या मनात तेव्हाच ते आलं. म्हाताऱ्याला वरचं काही खरंच दिसत असेल, तर खोटं नावही दिसेल.

"रिव्का," तो म्हणाला.

या गल्लीत हाक मारली तर पाच जणी खिडकीत येतील असलं नाव. फायविशने ते चौकोनी अक्षरांत लिहिलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. वीस मिनिटांनी नईम आत गेला.

रेबे म्हणजे मोठ्या खुर्चीत हरवलेला एक लहानसा म्हातारा होता. समोर गार झालेला चहा. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि मोठ्याने वाचली. "ओर्ली, रिव्काची मुलगी." मग डोळे मिटले. नईम उभ्याउभ्या त्यांच्या चेहऱ्यावर नजर रोखून होता. आता अडखळेल, आता भुवई उडेल. काही उडालं नाही. म्हातारा पुढेमागे डुलत पुटपुटत राहिला, आणि त्या पुटपुटण्यात रिव्का तीनदा आली, चारदा आली. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"डॉक्टरांच्या हाताला यश येवो," ते म्हणाले. "पोरीला पूर्ण बरं वाटो. आणि रिव्काला माझा निरोप सांगा. म्हणावं, धीर सोडू नकोस. आईचा धीर लेकराला लागतो."

"सांगतो," नईम म्हणाला.

जिना उतरताना त्याला कुस्ती मारल्यासारखं वाटत होतं. पकडला होता म्हाताऱ्याला. दिसत-बिसत काही नाही, लिहिलेलं वाचतो एवढंच. रस्त्यावर येऊन त्याने पुठ्ठ्याची टोपी खिशात कोंबली, तेवढ्यात फोन वाजला.

"गेलास का?" ओर्लीचा आवाज अलीकडे जड झाला होता. एकेक शब्द ती जपून ठेवल्यासारखा ठेवायची.

"आत्ताच बाहेर पडलो."

"काय म्हणाले?"

"बरी होशील म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

"नाव नीट सांगितलंस ना? इथली बाई म्हणते, आईच्या नावाने मागतात. मला ते फार आवडलं, अब्बा. निदान कुणीतरी तिचं नाव घेईल. तू तर घेतच नाहीस."

नईमने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अब्बा?"

"इथे गाड्यांचा आवाज फार आहे. नंतर करतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं नाव त्याने खरंच घेतलं नव्हतं. लोकांत 'ती' म्हणायचा, ओर्लीशी बोलताना 'तुझी आई', आणि कबरीवर गेला की नुसता उभा राहायचा. आज एका परक्या माणसाने तिच्या पोरीसाठी डोळ्यांत पाणी आणलं, आणि तिच्या जागी यानेच दुसरी बाई बसवली होती. थापाड्याला पकडायला आलेला माणूस स्वतःच थाप मारून निघाला होता. आशीर्वादावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तो भलत्या पत्त्यावर गेला हे त्याला सहन होईना. स्वतःची एवढी लाज त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

तो पुन्हा जिना चढला.

"एकदा झालं की झालं," फायविश दारात आडवा आला. "लोक सकाळपासून बसलेत."

"नाव चुकीचं सांगितलं मी."

"स्पेलिंग चुकलं असेल तर चालतं हो. वरचा काही मास्तर नाही."

"चुकलं नाही. मुद्दाम खोटं सांगितलं. तुमची परीक्षा घेत होतो."

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. फायविशने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लोक इथे वय चोरतात, कमाई चोरतात," तो हळूच म्हणाला. "आई चोरणारे तुम्ही पहिलेच." पण तो बाजूला झाला.

रेबेंनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावतील असं नईमला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मघाचं सगळं फुकट गेलं?" त्याने विचारलं.

"फुकट कसं जाईल? कुठल्या तरी रिव्काची ओर्ली आजारी असेलच. तिला लागेल," रेबे म्हणाले. "आता तुमच्या ओर्लीच्या आईचं सांगा."

"ती नाहीये. तीन वर्षं झाली."

"नाव तर आहे ना?"

नईमने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. लिहून दिलं असतं तर सोपं झालं असतं. रेबेंनी मान हलवली. "तुम्ही बोला. मी ऐकतो."

"व्हिक्टोरिया," नईम म्हणाला.

"अशी नावं आमच्याकडे नसतात. छान आहे. कुठल्या?"

"बगदादच्या. आई-वडिलांच्या कडेवर इकडे आली. इथे शेजारी रमत गानला शाळेत स्वयंपाक करायची." तो थांबला. हे सगळं कशाला सांगतोय, माहिती काढून घेताहेत की काय, अशी शंका त्याही क्षणी त्याच्या मनाला चाटून गेली. "चारशे पोरांची नावं तिला पाठ होती," तो म्हणाला.

"मग आता तुम्हीच म्हणा. मी आमेन म्हणतो."

"मला येत नाही."

"ओर्ली, अमुकची मुलगी. एवढंच. पुढचं वरच्याला कळतं."

नईमने तोंड उघडलं. "ओर्ली," तो म्हणाला, आणि मघाशी सांगून टाकलेलं तेच नाव आता ओठांवर येऊन अडलं. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडलं.

दार किलकिलं करून फायविशने आत डोकावलं. बाहेर रांग वाढली होती. रेबेंनी त्याला हाताने थोपवलं आणि डोळे मिटून वाट बघत बसले.