बोलता डबा

पहिली कंपनी बुडाली, दुसरी विकली, तिसरी भागीदाराने ढेकरही न देता गिळली. चौथी कशाची होती हे सांगायला त्याला स्वतःलाही थोडा विचार करावा लागे. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं आई म्हणायची आणि त्याला खटपट्या म्हणून हाक मारायची. पाचवीने मात्र खटपट्याचं नशीब उघडलं, आणि ती सुरू झाली तीही आईच्याच स्वयंपाकघरात.

आई हृदयाच्या गोळ्या घ्यायला विसरायची. म्हणून त्याने एक डबा बनवला. वेळ झाली की कप्पा उघडायचा आणि डबा बोलायचा, "आई, गोळी घे. वर पाणी पी." आवाज त्याचाच. जेवता जेवता रेकॉर्ड केलेला, मागे चमचा ताटलीवर आपटल्याचंही ऐकू यायचं. पुढे विक्रीसाठी त्याने चांगले कसलेले आवाज लावून पाहिले, पण म्हाताऱ्यांना हाच हवा असायचा. मग तोच आवाज चमच्यासकट घरोघर गेला, आणि परक्या आया त्याच्या शब्दाखातर गोळ्या घेऊ लागल्या. त्याचं स्वतःचं घरी जाणं तेवढं सुटलं. डबा रोज बोलतोयच, मग आपण फोन करून वेगळं काय सांगणार, असा त्याचा हिशेब. कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल असा हिशेब, आणि तेच त्याचं वाईट.

आता पाचवीही विकायला निघाली होती. तो सह्या करायला बसला आणि आईजवळ राहणाऱ्या बहिणीचा फोन आला.

"घेणारे लोक आवाज बदलणार म्हणे?"

"हो ताई, आज दुपारपासून. बाईचा गोड आवाज आहे."

"गोड आवाज घाल चुलीत! आई गोळी घेते ती तुझ्या आवाजामुळे. माझं ऐकते का ती? डबा बोलला की मुकाट्याने घेते, वर त्यालाच विचारते, तू जेवलास का रे?"

"डब्याला?"

"रोज."

"मग डबा काय म्हणतो?"

"काय म्हणणार, कपाळ माझं! कप्पा मिटतो आणि गप्प बसतो. अरे, तिचा एवढा एक डबा तरी तसाच राहू दे. गोळी चुकली तर परवडायचं नाही."

त्याने वकिलाला विचारलं. वकील चष्मा पुसत म्हणाला, "साहेब, आवाजही त्यांच्याच मालकीचा होतोय. एका डब्यासाठी सगळा व्यवहार अडवायचा का?"

"नको," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

टाळ्या झाल्या, केक कापला. आता आनंद होईल म्हणून तो थोडा थांबला. झाला नाही. निदान वाईट तरी वाटेल म्हणून आणखी थांबला, तेही वाटेना. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असून आपला नसतो, तसं त्याचं सगळंच झालं होतं. केक कागदी ताटलीत तसाच ठेवून तो गाडीत बसला आणि आईकडे गेला.

आई मटार सोलत बसली होती. "वाट चुकलास का रे, खटपट्या?" ती म्हणाली. तो हसला आणि खुर्ची ओढून बसला. बोलायचं काय, ते काही केल्या सुचेना.

तेवढ्यात फळीवरचा डबा उघडला. "नमस्कार. आपल्या औषधाची वेळ झाली आहे."

"ही कोण बया?" आई म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. बहिणीने गोळी पुढे केली, तर आईने तिचा हात बाजूला सारला. बहीण त्याच्याकडे बघत राहिली.

"आई, गोळी घे," तो म्हणाला. "वर पाणी पी."

शब्द तेच, चालही तीच. दुसरं काही त्याला आलंच नाही.

आईने निमूटपणे गोळी तोंडात टाकली आणि पेलाभर पाणी प्यायली. "घेतली हो. तू जेवलास का रे?"

सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. नाही, असं सांगायला त्याने तोंड उघडलं, तोवर आई रिकामा पेला घेऊन आत निघूनही गेली होती. या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबायची तिची सवय केव्हाच मोडली होती.

त्याने तोंड मिटलं आणि गप्प बसला.