भिमाबाईने ढवळलेली चटणी

वैशू, आपल्या घरात जातपात कुणी पाळत नाही. तुझी आजी हे पाहुण्यांना आवर्जून सांगते. फक्त भिमाबाईचा कप वेगळा आहे आणि तो बाहेर ओट्याच्या कोनाड्यात असतो. लग्न होऊन दिंडोरीला आले तेव्हा गॅसचा कॉक दाखवावा तसा मला तो दाखवण्यात आला. मी मुकाट्यानं त्यात चहा ओतत आले. तू अडीच वर्षांची आहेस, तुला अजून कुणी दाखवलेला नाही. मला धास्ती एवढीच आहे, की एक दिवस तुलाही शिकवतील आणि मी बाजूला उभी राहून बघेन.

तर रविवारी रोहिणीआत्या नाशकाहून आली. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधून ती ‘आजीच्या हातची द्राक्ष-चटणी’ विकते. हात माझे. पॅकिंगला घड साफ करताना जे मणी गळतात ते बादलीभर आणायचे, निवडायचे, गूळ, आलं, लवंग, दालचिनी घालून दोन तास आटवायचे, आणि हे सगळं तू कडेवर असताना. आत्या बरणीला कापडाची टोपी बांधते. त्या टोपी बांधण्याला ती ‘प्रोसेस’ म्हणते.

“व्हिडिओ करायचाय,” ती म्हणाली. “आजी पाहिजे.”

“मी आहे की,” तुझी आजी लाजत म्हणाली.

“तू? तू केस रंगवतेस आई. आजी वाटतच नाहीस.”

हे कौतुक आजीला पुढचा पाडवा येईपर्यंत पुरेल.

मग दोघींची नजर अंगणात गेली. आपल्या बागेत तीस वर्षं राबणारी भिमाबाई मणी निवडत बसली होती. “सुरकुत्या बघ ना,” आत्या म्हणाली, “किती ओरिजिनल!”

ट्रंकेतून तुझ्या पणजीचं नऊवारी लुगडं निघालं. “नेसू दे, नंतर तिलाच राहू दे,” आजी म्हणाली. मला क्षणभर बरं वाटलं. “परत घेऊन कपाटात कोण ठेवणार?” हे ती नंतर पुटपुटली.

भिमाबाई आपल्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच येत होती. लुगडं नेसून उंबऱ्याशी थांबली आणि मला म्हणाली, “येऊ ना नक्की? नायतर माघारी गोमूत्राचा खर्च तुमाला.”

“काहीतरीच!” आजी हसली. आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “घरची बरणी आधी भरून घे. मग तिच्या हातात डाव दे.”

मी भरली. सांगायची शरम वाटते, पण भरली. विकायची चटणी कुणीही ढवळलेली चालते, कारण ती लोक खातात.

आत्यानं फोन रोखला. “आजी, ढवळा. आजी, हसा. आता चाखा आणि म्हणा, वा!”

भिमाबाईनं चाखली. “वा नाय म्हणायची मी. नुसता गूळ हाय. पोरीच्या खोकल्याच्या औषधावानी लागतंय.”

“अहो, नुसतं म्हणायचंय!”

“सकाळधरनं आजी, आजी करताय ना? मंग आजीचं आयका.”

तिनं माझ्याकडून सुक्या मिरच्या आणि लसूण मागून घेतला, तव्यावर भाजला, खलबत्त्यात कुटला आणि पातेल्यात लोटला.

“लसूण लेबलवर नाहीये!” आत्या किंचाळली.

“मंग लिवा.”

दहा मिनिटांनी आत्यानं फोन बंद करून तीन चमचे चाटले. लपून, पण मी बघितलं. आजीनं मात्र लांबूनच वास घेतला आणि म्हणाली, “आपली बरणीतलीच बरी.”

दुपारी भिमाबाई तेच लुगडं नेसून ओट्यावर भाकरीचं फडकं सोडून बसली. पातेल्याच्या तळाची चटणी मी तिला वाढली. तू दुडदुडत गेलीस आणि थेट तिच्या मांडीवर बसलीस. “आजी, मला.”

तिनं मिरचीचा कण बाजूला केला आणि बोटभर तुझ्या जिभेला लावली. तुझा चेहरा एवढासा झाला, डोळे मिटले, आणि मग तू म्हणालीस, “अजून.”

दारात तुझी आजी उभी होती.

“वैशू, ती आजी नाही. भिमाबाई म्हणायचं. ये बाळा, हात धुऊ आपण.”

किती गोड आवाजात म्हणाली. हे असलं गोड आवाजातच शिकवतात, कुणी रागवून नाही शिकवत. भिमाबाईनं लगेच हात आखडून घेतला. तू आजीकडे बघितलंच नाहीस. चटणीचं तोंड घेऊन तू माझ्याकडे बघितलंस, कोण खरं बोलतंय ते विचारल्यासारखं.

“आजीच आहे,” मी म्हणाले. आवाज चिरकला माझा. “आई, सकाळपासून तुम्ही दोघीच तर म्हणत होतात.”

“अगं, ते व्हिडिओपुरतं!”

“तिला व्हिडिओपुरतं कळत नाही. कळायलाही नको.”

आत्या टोप्या बांधण्यात फारच गढून गेली. आजी दारातून हलली नाही. मी फरशीवर तुमच्या शेजारी बसले आणि भिमाबाईपुढे हात केला.

तिनं माझ्याकडे बघितलं, कौतुकानं मुळीच नाही.

“लय उशिरा भूक लागली व्हय, सूनबाई?” म्हणाली, आणि आपल्या भाकरीचा तुकडा मोडून चटणीसकट माझ्या हातावर ठेवला.

आजीनं मला नावानं हाक मारली, मग दुसऱ्यांदा जोरात. माझं तोंड भरलेलं होतं. तू दुसरा घास मागत होतीस.