आरशावाला

तापातून दादा उठला खरा, पण माणसांचे चेहरे त्याला कायमचे परके झाले. नजर धडधाकट होती. नाक दिसे, डोळे दिसत, पण त्यांचं मिळून ओळखीचं माणूस होत नसे. आई समोर आली तरी ती बोलेपर्यंत तो अनोळखी बाईकडे बघावं तसा बघायचा. हळूहळू त्याने खोलीबाहेर येणंच सोडलं.

धाकट्या बहिणीने संशोधनाला हाच विषय घेतला. दवाखाने पालथे घातले, तरी दादासारखं कुणी सापडेना. शेवटी गाइडबाई म्हणाल्या, "ऑनलाइन टाक. थोडंफार मानधन दिलं की कुठकुठली माणसं प्रश्नावल्या भरतात."

बघता बघता उत्तरांचा ढीग पडला. नावं नव्हती, नुसते क्रमांक आणि अनुभव. ती दादाला वाचून दाखवू लागली. एकाने लिहिलं होतं, 'आरशातला माणूस वाट देईल म्हणून मी थांबून राहतो.'

दादा ताडकन उठून बसला. "पुन्हा वाच. अगं, हे तर माझंच!"

त्या दिवशी तो सगळ्यांबरोबर जेवायला बसला. मग रोजचंच झालं, "आमचा आरशावाला काय म्हणतो?"

गाइडबाईंना मात्र शंका आली. "इतके कसे गं मिळाले? एखादं खोटंच लक्षण विचारून बघ."

तिने सगळ्यांना विचारलं, 'डावा डोळा मिटला की चेहरा ओळखू येतो का?' हे तिने मनानेच रचलं होतं. एकूण एक जण 'हो' म्हणाले. आरशावाल्याने तर वर लिहिलं, 'अगदी नेमकं ओळखलंत!' ते आरशाचं वाक्य त्याने कुठून उचललं होतं, देव जाणे.

"त्याचं उत्तर आलं ना?" दादाने विचारलं.

"आलं."

तिचा आवाज ऐकूनच तो काय ते समजला. "वाच. लपवू नकोस."

तिने वाचलं, आणि प्रश्न खोटा होता हेही सांगितलं. दादाने डावा डोळा मिटला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"नाही गं," तो म्हणाला.

सगळी उत्तरं बाद झाली. गाइडबाईंनी दुसरा विषय सुचवला, तिने मुकाट्याने घेतला. नवा विषय कोणता, हे दादाने कधी विचारलं नाही. त्याचं ताट पुन्हा खोलीत जाऊ लागलं.