आडोशामागचा फासा

दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर तिघे जग वाचवायला बसत. खेळ असा की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं. गोष्ट सांगायचा धाकटा दीर. पोटापाण्यासाठी जाहिराती लिहीत असल्याने खरं-खोटं दोन्ही त्याला सारख्याच सफाईने जमे. समोर वहिनी, गोष्टीतली चोरटी. थोरल्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, घर सोडल्यावर तिला या खेळात ओढण्याची कल्पना धाकट्याचीच. तिसरा त्याचा मित्र, लिफ्ट-तपासनीस. नियमांचं पुस्तक तोंडपाठ, म्हणून नाव पडलं 'कलम'.

पात्राने धाडस केलं की वीस बाजूंचा फासा ठरवणार, जमलं की फसलं. एक पडला तर पात्र खल्लास. फासा मात्र धाकटा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचा आणि आकडा एकट्याने पाहून निकाल सांगायचा.

"नुसत्या नियमांनी गोष्ट मरते," तो म्हणे.

"आणि नियमांशिवाय तिची थाप होते," कलम म्हणे.

आज चोरटी दरीवरच्या जुनाट दोराला लोंबकळत होती.

"तुटणार," कलम म्हणाला. "असले दोर मी रोज बघतो."

"तुम्ही लिफ्टचे बघा हो. माझा तुटत नाही," वहिनी हसली. "भाऊजी, एकदा तरी मेलेय का मी? खरं सांगू, या खेळानेच धीर आला. औषधांच्या दुकानातली नोकरी सोडतेय. स्वतःचं दुकान टाकणार. नशीब साथ देतंय, तर आपणच का कच खायची?"

आडोशामागे फासा थांबला होता. एक.

धाकट्याने सवयीने तोंड उघडलं. 'दोर करकरतो, पण...' हे वाक्य तयारच होतं. वर्षभर त्याने ते दोर, विष, वाघ, सगळ्यांना लावलं होतं. मग त्याने पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला.

वहिनीने वाकून पाहिलं. "अगंबाई. मेले?"

"नियमाने, हो," धाकटा म्हणाला.

"आणि याआधी?"

"याआधीही. बऱ्याचदा."

कलम वर्षभर हेच ओरडत होता. आता बरोबर ठरल्यावर त्याचाच चेहरा पडला. "वहिनी, खेळ आहे हो हा," तो चक्क म्हणाला. "राजीनामा अजून दिला नाही ना?"

"आज दुपारी दिला."

कलमने पुस्तक चाळलं. त्यात यावर काही नव्हतं.

"परत घेता येईल," धाकटा पुटपुटला. "मी येतो सोबत, मालकांना सांगू..."

"काय सांगणार? दोर करकरला, पण?" वहिनीने फासा उचलून मुठीत धरला. "पुरे झाली तुमची माया, भाऊजी. नवं पात्र घ्या लिहून. फासा मी टाकणार. आणि तो पुठ्ठा रद्दीत."

मूठ उघडायला तिने बराच वेळ लावला.