बाईंच्या वर्गातला खंड्या

मी एक जुना, पेंढा भरलेला खंड्या आहे. कधीकाळी नदीवर सूर मारून मासे पकडत होतो. एका हिवाळ्यात गारठून मेलो, कुणा कारागिराने पोटात पेंढा भरला आणि फिरत फिरत मी पोर्तुगीज शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गात येऊन पडलो. खोली इस्त्रीच्या दुकानावर होती. खालून दिवसभर वाफ यायची.

मित्रांनो, बाईंची शिकवायची तऱ्हाच न्यारी! फळ्यावर रानपक्ष्याचा उतारा लिहायच्या आणि 'वर', 'खाली', 'आत', 'मागे' या शब्दांच्या जागा मोकळ्या सोडायच्या. ज्याची पाळी, त्याने मला उचलायचं. खुर्ची म्हणजे फांदी, पिशवी म्हणजे बीळ. तिथे मला ठेवायचं आणि ते वाक्य पोर्तुगीजमध्ये मोठ्याने म्हणायचं. माझी पिसं गळायची, पण काय रुबाब होता तेव्हा माझा!

त्या वर्गात एक शिंपीकाका आले. बायको वारलेली. एकुलती एक लेक तिकडे पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलखात, दिवस गेलेली, आणि जावयाने तिला वाऱ्यावर सोडलेलं. काकांना तिच्याकडे जाऊन राहायचा परवाना हवा तर भाषेची तोंडी परीक्षा द्यावी लागणार होती. लेक फोनवर एकच विचारायची, "बाबा, बाळंतपणाला याल ना?"

काकांची जीभ काही केल्या वळत नव्हती. पण मला हातात घेतलं, की वाक्य कसं सुटून यायचं! बाई खूश. "काका, तुम्ही मैदान मारणार!" मला बाजूला ठेवून एकदा तरी बोलून बघावं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मला कळत होतं, पण मी कुठल्या तोंडाने सांगणार?

परीक्षेच्या दिवशी काकांनी मला पिशवीतून नेलं. शिपायाने मला बाहेरच्या बाकावर ठेवायला लावलं. अर्धवट उघड्या दारातून मी सगळं पाहिलं. काकांचे हात वर गेले, टेबलाखाली गेले, पिशवी चाचपडत राहिले. शब्द मात्र फुटेना.

"ताई, बाहेर माझा पक्षी आहे. तेवढा आणू द्या हो," ते काकुळतीला आले.

"तसं चालत नाही, काका," परीक्षक बाई म्हणाल्या.

काका नापास झाले. पुढच्या परीक्षेची तारीख लागायच्या आत नात जन्मली. लेकीजवळ कुणीही नव्हतं.

नंतर काका एकदाच वर्गात आले. माझा उसवलेला पंख त्यांनी बारीक टाके घालून शिवला. "तुझी काय चूक रे?" म्हणाले आणि ढसाढसा रडले. बाईंना ते पाहवेना. त्यांनी मला कपाटात टाकलं. आता मला कसर लागली आहे.

मित्रांनो, मला लागू दे कसर, त्याचं मला काही नाही. पण कधी कुणाच्या हातात मला द्याल, तर थोड्या दिवसांनी काढूनही घ्या. तो माणूस चिडला तरी चालेल. त्याची लेक तिकडे एकटी असते.