समोरचे दोन हात

बाहेर टँकरचा भोंगा वाजला तशी संस्कृती लॅपटॉपवरचा पत्त्यांचा डाव अर्ध्यात सोडून उठली. लॅपटॉप केसरबाईंच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर तसाच उघडा राहिला.

"अगं, पानं झाक आधी!" केसरबाई ओरडल्या. "समोरचा बघंल की."

"न्हाई बघत, आत्या. थांबतो तो," म्हणत सून घागरी घेऊन पळाली.

केसरबाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी कुशीवर वळून हात लांबवला आणि पडद्याच्या खालच्या कडेला मांडलेल्या सुनेच्या पाच पानांपुढे तळवा आडवा धरला.

खुब्याचं हाड मोडून त्यांना चार महिने झाले होते. त्या पडल्या त्याच आठवड्यात संस्कृती नर्सिंगचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून नगरहून गावी, कड्याला परत आली. सोमवारी हजर झाली नाही तर जागा जाणार, असा काल कॉलेजचा फोन आला होता. तिने सासूला काही विचारलं नाही. सासूनेही ऐकलंच नाही असं दाखवलं.

पडद्यावर एक अंधारी खोली होती. टेबलावर कंदील, आणि पलीकडे नुसते दोन हात. चेहरा नाहीच. हात म्हातारे होते, बोटांचे सांधे सुजलेले, अंगठी सैल झालेली. दाराखालून वारा आला की ज्योत हलायची आणि पानांच्या सावल्या टेबलभर लांबायच्या. पानांवर राजाराणी नव्हते. विहीर होती, घुबड होतं, आंधळी घोडी होती. विहीर समोर येईल ते पान गिळायची. कंदील बारीक झाल्याशिवाय घुबड जागं व्हायचं नाही. आणि खरी गंमत पुढेच होती. डाव चालू असताना खुर्चीवरून उठून खोलीभर हिंडता यायचं. घड्याळामागे बघा, खण ओढा, परत येऊन बसा. दाराला कुलूप. बाहेर पडायचं तर नुसतं जिंकून भागत नव्हतं, खोलीही धुंडाळावी लागायची.

पहिल्या दिवशी केसरबाईंनी याला भुताटकी म्हटलं होतं. आता जेवणं आटोपली की त्याच विचारायच्या, "काढतीस का तुझी खोली?" विहिरीच्या पानावरची रेघ आणि भिंतीवरची भेग एकसारखी आहे, हे परवा त्यांनीच ओळखलं होतं. तिथे ठोकल्यावर वीट सरकली आणि आतून फाटक्या पानाचा अर्धा तुकडा निघाला, तेव्हा दोघी लहान मुलींसारख्या ओरडल्या होत्या.

टँकरवर बायकांची भांडणं रंगली होती. केसरबाईंच्या दंडाला कळ लागली, तरी त्यांनी हात काढला नाही. पलीकडचं एक बोट मधूनच टेबलावर टकटक करायचं. बाकी काही हललं नाही.

केसरबाईंच्या तरुणपणी, पोळ्याच्या दुपारी घरात पुरुषांचा पत्त्यांचा मेंढीकोट रंगायचा. चौथा गडी नसला की दीर मोहनराव त्यांना हाक मारायचे, कारण पडलेलं प्रत्येक पान केसरबाईंच्या ध्यानात असायचं. एका पोळ्याला त्यांनी तीन मेंढ्या, म्हणजे दश्श्या, ओढल्या होत्या आणि चौथीसाठी हुकमाचा एक्का दाबून ठेवला होता. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. पाहुणे आले होते. कणीक मळून, पुऱ्या तळून त्या परतल्या तर त्यांच्या जागी गावातला सटवा बसला होता आणि नवा डाव पिसला जात होता.

"त्या डावाचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या?" मोहनराव म्हणाले.

संस्कृती आली ती निम्मी भिजून. "आत्या, हात कामून धरलाय असा?"

"राखण."

ती दारातच हसत खाली बसली. "अहो, खेळच तसा केलाय. जेवून या, झोपून या, बाजार करून या. आपला डाव आपलाच ऱ्हातो."

"लई घटका झाली गं. त्यानं एका पानाला हात लावला न्हाई." केसरबाईंनी तळवा मागे घेतला. "कुणी केलाय हा खेळ? लई मोठ्या मनाचा माणूस हाय."

केसरबाईंचा मुलगा विजयसिंह कानाला लावलेला फोन हाताने झाकत आत आला. "आई, कॉलेजवाले परत इचारायलेत. न्हाई जमत म्हणून सांगतो. तुजं कोण बघंल?"

संस्कृती घागरीवरचं पाणी पुसू लागली. त्याच घागरीवरचं, पुन्हा पुन्हा.

"शेजारच्या छबुबाईला सांगावा धाड," केसरबाई म्हणाल्या. "दोन टायमाला येऊन जाईल. न्हाणीपतुर मी वॉकर धरून जातेच की."

"आई, पण..."

"कॉलेजवाल्यांना लई वेळ ताटकळत ठेवू नको." त्यांनी उशीला रेलून स्टूल जवळ ओढलं. "आन संस्कृती, तू हिकडं ये. पान कसं उचलायचं, खोलीत कसं हिंडायचं, समदं दाखव. सोमवारपासून मला एकटीलाच खेळायचंय. ही पेटी इथंच ठेवशील न्हवं?"

संस्कृती पलंगाच्या कडेला बसली. सासूचं ताठर बोट धरून तिने ते माउसवर ठेवलं. "हे पयलं पान, आत्या," ती म्हणाली. "हिथं दाबा."